पावलाखालची जागा

१

बोटीवर चढण्याआधी शलाकाबाई भिडे दोन गोष्टी न चुकता करत. चपला शिडीखाली काढून ठेवत आणि केस कानामागे घट्ट बांधत. चपला काढायच्या, कारण तळाला चिकटलेली खडी डेकवर ओरखडे पाडते. केस बांधायचे, कारण त्यांचं सगळं काम कानांवर चालत होतं.

बेंगळुरूला समुद्र नाही, मग तू तिथे बोटी कसल्या तपासतेस, असं सांगलीचे नातेवाईक त्यांना दर लग्नात विचारत. बाई सांगत, तळी आहेत, धरणं आहेत, शिडाच्या बोटींचे क्लब आहेत, आणि फायबरची बोट गोड्या पाण्यातही तितकीच कुजते. विमानांच्या सरकारी कारखान्यात त्यांनी आयुष्यभर पंखांचे फायबरचे थर ठोकून तपासले होते. निवृत्त झाल्यावर घरी बसून करमेना, म्हणून के. आर. पुरमच्या पुढे रघुनंदनच्या बोटदुरुस्तीच्या शेडवर त्या येऊ लागल्या आणि मग तिथल्याच झाल्या. बाईंनी खोट शोधायची, रघुनंदननं ती दुरुस्त करायची, अशी सरळ वाटणी होती. रघुनंदनचं घराणं मराठी खरं, पण इतक्या पिढ्या इथे मुरलेलं की कुठल्या गावाहून आलो हे त्याच्या आजोबांनाही सांगता येत नव्हतं. तो बाईंना अक्का म्हणायचा.

डेक म्हणजे बोटीची वरची जमीन. वर फायबरचा थर, खाली फायबरचा थर आणि मध्ये बाल्सा नावाचं पिसासारखं हलकं लाकूड. एखादा स्क्रू नीट बसला नाही की तिथून पाणी आत झिरपतं, लाकूड भिजतं, कुजतं, आणि वरून सगळं गोरंगोमटं दिसत असताना एक दिवस कुणाचा तरी पाय आरपार जातो. हे आधी ओळखायचं तर नायलॉनची छोटी हातोडी घेऊन इंचाइंचानं ठोकत जायचं. कोरडा भाग टण् वाजतो, ओला भाग थप्. बाई आधी ऐकत, मग ओल दाखवणारं मीटर टेकवत, आणि मीटर काही वेगळं बोललं तर मीटरची बॅटरी तपासत.

उकिडवं बसून मागे सरकत काम करायचं म्हटल्यावर आपल्या पायाखालची जागा नेहमी राहून जाते. तिचा नंबर शेवटी. दिवस संपला की बाई उभ्या राहत, धरलेली कंबर मोकळी करत, बराच वेळ एका जागी थांबून सगळ्या डेकवर नजर फिरवत आणि घरी जात. ती एवढीशी जागा दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकायची. इतक्या वर्षांत त्या जागेनं कधी काही वेगळं सांगितलं नव्हतं.

२

मार्च महिना होता. बोअरवेल आटल्या होत्या, रस्त्यावर टँकरची रांग होती, आणि शेडच्या पत्र्याखाली ओला हात हवेत धरला तर बघता बघता वाळत होता. 'सारंगी' नावाची शिडाची बोट तिथे दिवाळीपासून स्टँडवर चढवून ठेवलेली होती. ती गुरुप्रसादची. शहराबाहेरच्या तलावावर तो मुलांना शीड हाकायला शिकवायचा.

"मॅडम, पोरं अनवाणी नाचणार आहेत यावर," तो म्हणाला होता. "तुम्ही कोरडा म्हणून सही केलीत तरच मी बोट नेणार. दुसऱ्या कुणाची सही मला नको."

बाईंना ते ऐकून बरं वाटलं होतं. खरं सांगायचं तर अलीकडे त्यांना असं काही ऐकायची गरज वाटू लागली होती. फोनवर सांगलीची बहीण बोलली की मधले शब्द निसटायचे. त्या कुणाला बोलल्या नव्हत्या, पण कान गेले तर आपण कोण उरणार, ही भीती त्यांना होती.

सगळा डेक टण् वाजला. शेवटी डोलकाठीजवळची, आदल्या संध्याकाळी त्या उभ्या होत्या ती जागा राहिली होती. तिथे त्यांनी ठोकलं.

थप्.

त्यांनी केस आणखी मागे घेतले, पुन्हा ठोकलं. थप्. मीटर टेकवलं तर काटा पार टोकाला गेला. वरचा घाम असेल म्हणून स्पिरिटनं पुसून, वाळू देऊन पुन्हा बघितलं. काटा तिथेच. पेन्सिलीनं कडा आखल्या तर शेजारी शेजारी दोन लांबट डाग निघाले, वीतभराहून थोडे मोठे. जवळ एकही स्क्रू नव्हता, भेग नव्हती.

रघुनंदननं कटरनं वरचा थर कापून उचलला. कुजलेला बाल्सा काळा पडतो आणि त्याला नाक मुरडायला लावणारा वास येतो. हे लाकूड पांढरंशुभ्र होतं. बोटानं दाबलं तर स्वच्छ, गार पाणी वर आलं. वास कसलाच नव्हता.

"हे आजचं पाणी आहे, अक्का," रघुनंदन म्हणाला.

"आजचं कुठून येईल?"

"तेच म्हणतोय मी."

त्यानं ओलं लाकूड खरवडून काढलं, नवं बसवलं, ते चिकटवायला रेझिन भरलं आणि वर फायबरचे थर चढवले. काम त्याचं नेहमीसारखं देखणं झालं. बाई मात्र त्याच्या त्या एका वाक्यावर अडकल्या होत्या. आजचं पाणी असेल तर ते आज कुणीतरी घातलेलं असणार, आणि शेडची किल्ली रघुनंदनकडे होती.

३

संशय एकदा घरात आला की चहा पिऊनच जातो, लवकर उठत नाही. दुरुस्तीनंतर बाईंनी सगळा डेक नव्यानं ठोकायला घेतला, आणि पुढच्या सकाळी मागच्या टोकाला तसेच दोन डाग सापडले. त्यानंतर पुढच्या टोकाला, नाळेपाशी. दरवेळी जोडी, दरवेळी तेवढीच, आणि दरवेळी काल टण् वाजलेल्या भागाच्या अगदी शेजारी.

"अक्का, काल हा भाग तपासला होता ना?" रघुनंदननं विचारलं. अगदी साधं विचारलं, पण बाईंना झोंबलं.

"तेवढी जागा राहिली होती."

"सरी, सरी, ठीक आहे. मी फक्त विचारलं."

मग चहा पिताना तो म्हणाला, की हल्ली उष्णतेवरून ओल दाखवणारा कॅमेरा येतो, बेळ्ळंदूरला एका माणसाकडे बघून आलो, चित्रच दिसतं सगळं, कानाला त्रास नाही. बाईंनी कप खाली ठेवला. तर हे असं आहे, त्यांच्या मनात आलं. म्हातारीचे कान गेले हे सिद्ध करायचं, तेही तिच्याच तोंडून, आणि मग कॅमेरा आणायचा. तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून हे नाटक.

त्याच दुपारी त्याच्या हत्यारांच्या पेटीत त्यांना इंजेक्शनची सिरिंज दिसली. सिरिंज असणारच, बारीक भोकांत रेझिन भरायला लागते. पण हिच्यात रेझिनचा पिवळेपणा नव्हता. आत पाण्याचा थेंब होता.

"ही कशाला भिजवलीस?"

"धुतली, अक्का. धुवायची नाही?"

उत्तर बरोबर होतं. रघुनंदनची उत्तरं नेहमी बरोबर असत, हेच आता बाईंना खटकू लागलं होतं. खालून, केबिनच्या छतातून, एक केसाएवढं भोक पाडून पाणी सोडायचं आणि भोक बुजवायचं. त्याच्या हाताला ते अवघड नव्हतं. बाई घरी जाईपर्यंत हे सगळं इतकं पटलेलं होतं की जेवताना त्यांना रडू आलं. इतक्या वर्षांत या माणसाच्या घरचा एकही सण त्यांनी चुकवला नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी त्यांनी रघुनंदनला लाकडाच्या वखारीत पाठवलं आणि टाल्कम पावडरचा डबा काढला. नाळेपासून सुरुवात करून, मागे मागे येत, अख्ख्या डेकवर पावडरचा पातळ थर भुरभुरला. केबिनच्या दारावर वरून-खालून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि पट्ट्यांवर स्वतःची सही केली. मग सुकाणूपाशी उरलेल्या मोकळ्या जागेत उभ्या राहून त्यांनी आपली करामत बराच वेळ न्याहाळली. मांजर जरी गेलं असतं तरी पाऊल उमटलं असतं. शेडला त्यांनी घरून आणलेलं कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

सकाळी कुलूप जसंच्या तसं. पट्ट्या जशाच्या तशा. पावडरीवर एक रेघ नाही.

बाईंनी सुकाणूपाशी, तेवढ्या बिनपावडरीच्या जागेवर ठोकलं. थप्. शेजारी पुन्हा थप्.

शहाण्या माणसानं इथे थांबायला हवं होतं. पण बाई आयुष्यभर तपासनीस होत्या, आणि तपासनिसाला पुरावा सापडला नाही तर तो म्हणतो चोर हुशार आहे. कुलपाची दुसरी किल्ली करता येते. पट्ट्या वाफेवर सुटतात. पावडर पुन्हा भुरभुरता येते. असं त्या स्वतःशी मोठ्यानं बोलत होत्या, आणि हात मात्र पेन्सिलीनं डागांच्या कडा आखत होता, या वेळी फार बारकाईनं.

आखून झाल्यावर त्या जरा मागे झाल्या.

दोन पावलं होती. टाच होती, मधली खोलगट कमान होती, बोटांची उतरती ओळ होती. उजव्या पावलाला अंगठ्याच्या मुळाशी एक फुगवटा होता.

शेडमध्ये त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. शेजारच्या ग्रॅनाइटच्या कारखान्यातली करवतही अजून सुरू झाली नव्हती. बाईंनी खाली बघितलं नाही. स्वतःच्या उजव्या पायाचं हाड त्यांना बघायची गरज नव्हती. त्यापायी त्यांच्या चपला एका बाजूनं फाकत असत. माझाच घाम, त्यांनी ठरवलं. माझ्या तळव्यांचा घाम मीटर दाखवतंय. पण घाम वर असतो. हातोडीला ऐकू येणारी ओल आतली असते, हे त्यांनीच कित्येकांना शिकवलं होतं.

५

रघुनंदन आला तो टिफिन हलवत, गाणं गुणगुणत. बाईंनी त्याला शिडीवर चढू दिलं आणि मग म्हणाल्या, "कशाला करतोस हे?"

"काय, अक्का?"

"पाणी घालतोस. माझ्या पावलांच्या आकारात घालतोस, म्हणजे मी वेडी ठरावी. कान गेले म्हणायचं असेल तर सरळ म्हण. कॅमेरा आण. पण हे असलं घाणेरडं…"

त्यानं टिफिन खाली ठेवला. तो कधी चिडत नसे. आताही चिडला नाही, नुसता चेहरा पडला. घरातल्यांनी चोर ठरवल्यावर माणूस जसा उभा राहतो तसा तो उभा राहिला.

"कॅमेरा मी तुमच्यासाठी बघितला," तो म्हणाला. "ऊठबस करताना तुमचे गुडघे दुखतात. मला दिसतं ते." मग त्यानं चपला काढल्या आणि डेकच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "लावा मीटर. माझ्या पायाशी लावा. मी हलत नाही."

बाईंनी लावलं, ठोकलंही. बराच वेळ तो तसाच उभा होता. त्याच्या बोटांशी टण्, टाचांशी टण्. तो बाजूला झाला, त्याच्या पायाखालच्या जागेवर टण्. मीटरचा काटा झोपलेलाच होता.

"आता तुम्ही उभ्या राहा," तो म्हणाला आणि त्यानं हातोडी मागितली.

६

बाई उभ्या राहिल्या. त्यानं त्यांच्या अंगठ्यापाशी ठोकलं. टण्.

बाईंना हसू फुटायच्या बेतात होतं. "बघ," त्या म्हणाल्या.

"थांबा स्वल्प."

तो तिथेच उकिडवा बसून ठोकत राहिला, एकाच ठिकाणी, सावकाश. टण्. टण्. टण्. मग आवाज जरा जड झाला. हे बदलणं बाईंनी त्याच्याआधी ऐकलं, त्यांचे कान अजून तेवढे चांगले होते. टण् मधली धातूची कड गेली, मग घुमारा गेला, आणि मग थप्. थप्. खालून काहीतरी हळूहळू वर येऊन पोचावं तसं ते झालं.

रघुनंदननं हातोडी ठेवली. त्यानं टॉर्च घेतला, केबिनच्या दारावरच्या बाईंच्या सहीच्या पट्ट्या फाडल्या आणि वाकून आत गेला. डेकच्या पोटाखाली त्याच्या सरपटण्याचा आवाज आला. तो बाईंच्या बरोबर खाली येऊन थांबला.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

खालून हात चाचपडल्याचा आवाज आला.

"रघुनंदन, भोक आहे का बघ. केसाएवढं असेल."

"अक्का," खालून आवाज आला, अगदी हळू. "उजवा पाय उचला."

बाईंनी डोलकाठीला हात लावून उजवा पाय उचलला.

"उचललात?"

"हो."

"वरच धरलाय?"

"वरच आहे. का?"

टॉर्च खाली पडल्याचा, घरंगळल्याचा आवाज आला.

"इथला टेकलेलाच आहे," तो म्हणाला.

बाई एका पायावर उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांना इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि त्या भीतीत एकच इच्छा होती: यानं मला फसवलेलं असू दे. देवा, हा चोर असू दे, लबाड असू दे, सिरिंजनं पाणी यानंच घातलेलं असू दे. उचललेला पाय भरून आला होता. तो कधी ना कधी खाली ठेवावाच लागणार होता, आणि ठेवला तर मधल्या बोटभर जाडीपलीकडे काय असेल, हे आता त्यांना ठाऊक होतं. पाय आपोआपच खाली आला. तळव्याला गार लागलं.

रघुनंदन बाहेर आला तेव्हा त्याच्या कपड्यांना पांढरी धूळ होती आणि हात ओले होते. त्यानं ते पँटला दोनदा पुसले.

"डेक चांगला आहे," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "तुम्ही पुन्हा चढला नाहीत तर कोरडाच राहील. बोटीत खोट नाही."

बाई उतरल्या. शिडीच्या दांड्यांवरून, मग सिमेंटच्या जमिनीवर. रघुनंदन त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हता, पायांकडे बघत होता. बाई मीटर पिशवीत ठेवायला लागल्या तर त्यानं ते हलकेच त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"हे माझ्याकडे राहू दे, अक्का," तो म्हणाला. "घरी नेऊ नका."

७

मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये दुपारचं ऊन थेट बैठकीच्या खोलीत येतं. बाई सोफ्यावर बसल्या होत्या. खाली कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज होता, पलीकडे मुलं शाळेतून येत होती, आणि फरशी नेहमीची, सकाळीच पुसलेली, पांढरी होती.

त्यांनी गुरुप्रसादला फोन करून सांगितलं, की बोट कॅमेरावाल्याकडून तपासून घे, माझी सही धरू नकोस. तो का म्हणून विचारत राहिला. वय झालं, असं त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाल्या, आणि ते खोटं होतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

मग त्यांनी रघुनंदनला फोन लावला.

"मी तुला नाही नाही ते बोलले," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी. मला माफ कर रे."

"सोडा हो, अक्का." "तुमचे कान बरोबर होते. एकदाही चुकले नाहीत. हे मी कुणालाही सांगेन."

हेच ऐकण्यासाठी त्या किती दिवस झुरत होत्या. आता ऐकलं तर डोळ्यांना धार लागली.

"मीटर तू ठेवून घेतलंस," त्या म्हणाल्या, "पण मला मीटर लागत नाही. बोटाच्या पेरानं ठोकलं तरी कळतं मला. फरशीवरसुद्धा कळेल."

"ठोकू नका," तो पटकन म्हणाला. मग त्यानं विचारलं, "उभ्या आहात की बसलाय?"

"बसलेय."

"आणि पाय?"

बाईंनी पाय सोफ्यावर ओढून, गुडघे छातीशी धरून घेतले होते. घरी आल्यापासून त्या तशाच होत्या.

"वर आहेत."

"हां," रघुनंदन म्हणाला. "मग स्वल्प वेळ तशाच बसा."

"किती वेळ, रघुनंदन?"

त्याच्या बाजूला ग्रॅनाइटची करवत चालू होती, थांबली, पुन्हा चालू झाली. फोन मात्र त्यानं ठेवला नाही.